आधीं कोणास वाचवावें?

आमच्या धाकट्या नातीनें परवां एका पुस्तकांतील चित्रावर बोट ठेवून विचारलें, “आजोबा, ह्या दोघांतून एकालाच वाचवायचं, तर कुणाला?” चित्रांत ऑस्ट्रेलियाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यांतील बँक्सियाचें झुडूप होतें आणि त्याच्या फुलोऱ्यावर ‘हनी पॉसम’ हा उंदरापेक्षांहि लहान प्राणी बसला होता. घरांतील सर्वांनीं प्राण्याच्या बाजूनें कौल दिला. आम्हीं मात्र उत्तर एक दिवस राखून ठेवलें.

हा प्राणी कांगारूप्रमाणें पिलें पोटाच्या पिशवींत वाढविणाऱ्या वर्गांतला. वजन सुमारें १० ग्रॅम. नवजात पिलूं तर ५ मिलिग्रॅमहूनहि हलकें. जिभेचें टोंक कुंचल्यासारखें, दांत नांवापुरते. मकरंद आणि पराग हाच त्याचा आहार. म्हणून बाराहि महिने कोणतें ना कोणतें फूल त्यास हवेंच. फुलोऱ्यावरून फुलोऱ्यावर जातांना तो पराग वाहून नेतो. तर्कशास्त्रांत अन्योन्याश्रय हा दोष मानितात. सृष्टींत मात्र त्यावरच संसार चालतो.

तथापि हें ऋण दोहों बाजूंनीं सारखें नाहीं. बँक्सियाचे पराग नेण्यास पक्षीहि येतात. पॉसमला फुलांवांचून दुसरें अन्न नाहीं. संकट आलें तर तो पळूं शकतो, झुडपास जागा सोडतां येत नाहीं. वणव्याची या झुडपांस संवय आहे. कित्येक जातींचें बीं कठीण कोषांत वर्षानुवर्षें बंद राहून आगीच्या आंचेनेंच मोकळें होतें. परंतु मुळें कुजविणारा, बुरशीसारखा एक सूक्ष्म जीव बाहेरून तेथील मातींत शिरला आहे. त्यापुढें त्यांचा इलाज चालत नाहीं. पिसांसारख्या पानांची ‘ब्राउन्स बँक्सिया’ ही जात मुख्यत्वें त्यामुळेंच आज नष्ट होण्याच्या मार्गावर आहे. हनी पॉसमची गणना मात्र अद्याप अशा जातींत होत नाहीं. म्हणजे आम्हां सर्वांस दया आली ती एकाची, आणि बुडत आहे दुसरें!

दुसऱ्या दिवशीं आम्हीं नातीस सांगितलें, “आधीं झुडूप वाचवावं. ताट राहिलं तर जेवणाराहि राहील.”

“पण वाचवायचं कसं?” तिनें विचारलें.

तो रोग चिखलाबरोबर माणसांच्या जोड्यांतून आणि गाड्यांच्या चाकांतून पसरतो. म्हणून तेथील कित्येक रानांच्या वाटेवर जोडे घासून स्वच्छ करण्याची सोय ठेवलेली आहे. हें ऐकून तिची आजी स्वयंपाकघरांतून म्हणाली, “जोडे दाराबाहेर काढा, म्हणून मी चाळीस वर्षं सांगतें आहें!”

त्यावर आम्हांस उत्तर सुचलें नाहीं.