आलिशान क्रॉसओव्हरची चाके : दिखाऊ घेर की उपयोगी उंची?

आलिशान क्रॉसओव्हर म्हणजे दिसायला जीपसारखी उंच, बहुधा चारही चाकांना शक्ती पुरवणारी, पण मुळात प्रवासी मोटारीच्याच एकसंध सांगाड्यावर बेतलेली महागडी गाडी; ट्रक किंवा जुन्या जीपप्रमाणे तिला स्वतंत्र चेसिस नसते. अशी गाडी डांबर सोडून कच्च्या वाटेवर न्यायची झाल्यास तिला कोणती चाके आणि कोणते टायर घालावेत, याविषयी आज तीन मते हिरिरीने मांडली जातात. पहिल्या मतानुसार गाडीतील इलेक्ट्रॉनिक यंत्रणाच इतकी समर्थ असते की टायर बदलण्याचे कारणच उरत नाही. दुसऱ्या मतानुसार कंपनीने दिलेली मोठ्या घेराची चाके हीच त्या गाडीसाठी सर्वोत्तम होत, कारण कंपनीच्या अभियंत्यांपेक्षा अधिक कोणाला कळणार? तिसरे मत याच्या अगदी उलट टोकाचे असून, जाड गुटक्यांचे, रुंद आणि मोठे टायर चढवले की कोणतीही गाडी रानावनात चालते, असे ते सांगते. तिन्ही मतांत थोडेफार तथ्य आहे. परंतु टायरमधील हवा आणि ती धरून ठेवणारी टायरची बाजूची भिंत, म्हणजे साइडवॉल, यांचा विचार तिन्हींत राहून जातो. रिमचा व्यास कमी करून, टायरचा एकूण व्यास कायम ठेवून साइडवॉलची उंची वाढवणे ही अशा गाडीच्या तयारीची पहिली पायरी होय, आणि नक्षी, रुंदी व रूप यांचा विचार त्यानंतरच करावा, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

वादात उतरण्यापूर्वी टायरवरील आकड्यांचा अर्थ स्पष्ट असलेला बरा. छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्रा येथे जुळणी होणाऱ्या ऑडी क्यू५ या गाडीचे उदाहरण घेता येईल. तिच्या दुसऱ्या पिढीला भारतात प्रामुख्याने २३५/५५ आर १९ मापाचे टायर मिळाले. यातील २३५ ही टायरची मिलिमीटरमधील रुंदी, ५५ हे साइडवॉलच्या उंचीचे त्या रुंदीशी असलेले शेकडा प्रमाण, ‘आर’ ही रेडियल बांधणीची खूण आणि १९ हा रिमचा इंचांतील व्यास होय. म्हणजे साइडवॉलची उंची सुमारे १२९ मिलिमीटर आणि टायरचा एकूण व्यास सुमारे ७४१ मिलिमीटर भरतो. हीच गाडी अमेरिकेत १८ इंची रिमवर २३५/६० मापाच्या टायरसहही विकली गेली. तेथे साइडवॉल १४१ मिलिमीटर होते, पण एकूण व्यास ७३९ मिलिमीटर, म्हणजे जवळपास तेवढाच राहतो. उलट २० इंची रिमवर २३५/५० मापाचा टायर घातला, तर व्यास ७४३ मिलिमीटरच्या आसपास राहून साइडवॉल जेमतेम ११८ मिलिमीटरवर येते. गाडी तीच आणि चाकाची उंचीही तीच. बदलते ते दगड आणि धातूची कड यांच्यामध्ये किती रबर आणि किती हवा आहे एवढेच, आणि कच्च्या वाटेवर बहुतेक वेळा त्यावरच निभाव लागतो.

आता पहिल्या मताचा विचार करू. चाक घसरू लागताच त्याला ब्रेक लावून शक्ती दुसऱ्या चाकाकडे वळवणारी ट्रॅक्शन कंट्रोल यंत्रणा खरोखरच उपयुक्त आहे, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु ही यंत्रणा पकड निर्माण करत नाही. चार टायरांपाशी जी पकड मुळात उपलब्ध आहे, तिची ती केवळ वाटणी करते. ओल्या चिकणमातीत चारही टायर गोटा झाल्यासारखे गुळगुळीत फिरू लागले, तर वाटायला काही उरतच नाही. शिवाय ही यंत्रणा प्रत्येक चाकाच्या फिरण्याचा वेग मोजून निर्णय घेत असल्यामुळे चारही टायर एकाच मापाचे आणि जवळपास सारखे झिजलेले असावे लागतात. पुढे दोन नवे आणि मागे दोन जुने असा काटकसरीचा मार्ग धरला, तर चाकांच्या परिघात फरक पडतो, संगणकाला घसरण होत असल्याचा भास होतो आणि पुढील-मागील चाकांना जोडणाऱ्या क्लचवर विनाकारण ताण येतो. इलेक्ट्रॉनिक्सवर भिस्त ठेवणाऱ्याने टायरची काळजी इतरांपेक्षा अधिकच घ्यायला हवी, असा निष्कर्ष यातून निघतो.

दुसरे मत अधिक वजनदार वाटते, कारण ते कंपनीच्या अधिकाराचा हवाला देते. परंतु कंपनी मोठी रिम देते ती शोरूममधील देखणेपणासाठी, सपाट रस्त्यावरील वळणांत टायर कमी लवचावा यासाठी आणि मोठे ब्रेक आत मावावेत यासाठी. कच्च्या वाटेचा हेतू समोर असतो तेव्हा याच कंपन्या वेगळा निर्णय घेतात. लेक्ससच्या जीएक्स ५५० या गाडीच्या ऐषारामी आवृत्त्यांना २२ इंची चाके मिळतात, तर त्याच गाडीच्या ‘ओव्हरट्रेल’ या खडतर वाटांसाठीच्या आवृत्तीला १८ इंची चाके आणि २६५/७० मापाचे ऑल-टेरेन टायर दिले जातात. जीएक्स ही स्वतंत्र चेसिसची गाडी असल्यामुळे तो दाखला क्रॉसओव्हरला लागू नाही, असा आक्षेप येऊ शकतो. त्याला सुबारू फॉरेस्टरने उत्तर दिले आहे. ही एकसंध सांगाड्याची क्रॉसओव्हर असून तिच्या २०२२ च्या ‘वाइल्डरनेस’ आवृत्तीला १७ इंची चाकांवर २२५/६० मापाचे योकोहामा जिओलँडर टायर देण्यात आले, तर तिच्याच ऐषारामी आवृत्तीला १८ इंची चाके होती. कंपनीच्या अधिकाराचा दाखला द्यायचाच असेल, तर तो असा पुरता द्यावा.

साइडवॉल इतकी निर्णायक का ठरते, हे प्रत्यक्ष आघात जवळून पाहिला की ध्यानात येते. रेडियल टायरमध्ये पोलादी तारांचे पट्टे असतात ते फक्त रस्त्याला टेकणाऱ्या भागाखाली. बाजूच्या भिंतीत बहुधा पॉलिस्टरच्या दोऱ्यांचे एक-दोन थर आणि त्यांवर रबराचे आवरण एवढेच असते. हिमाचल प्रदेशातील ग्राम्फूहून बातलमार्गे लोसरकडे जाणाऱ्या वाटेसारख्या गोट्यांच्या रस्त्यावर धारदार दगड टायरवर आदळतो, तेव्हा बुटकी भिंत पूर्ण दबते आणि दगड व रिमची कड यांच्यात चिमटली जाते. दोऱ्या तुटतात; कधी तिथल्या तिथे कट लागून हवा जाते, तर कधी टायर तसाच पुढे चालून नंतर भिंतीवर फुगा येतो. रस्त्याला टेकणाऱ्या भागात घुसलेल्या खिळ्याचे पंक्चर कोणताही पंक्चरवाला काढून देईल, पण भिंतीचा कट किंवा फुगा यांवर विश्वासार्ह दुरुस्ती नाही, टायर बदलणे एवढाच उपाय उरतो. बारा-पंधरा मिलिमीटरची जादा उंची शहरात कोणाच्या नजरेतही भरत नाही. त्या दगडावर मात्र तेवढ्याने टायर वाचण्याची शक्यता बरीच वाढते.

याच ठिकाणी स्टेपनीचा प्रश्न येतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२० मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार, साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी मोटारीत ट्यूबलेस टायर, टायर दुरुस्तीचा संच आणि हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा असल्यास स्टेपनी देणे बंधनकारक राहिलेले नाही. पुण्या-मुंबईच्या रस्त्यांपुरती ही सवलत समर्थनीय आहे; परंतु संचातील चिकट द्रव खिळ्याचे भोक बुजवतो, भिंतीची चीर बुजवत नाही. ज्या गाड्यांत स्टेपनी असते, त्यांतही ती पुष्कळदा बारीक, तात्पुरती आणि ठरावीक वेगमर्यादेचीच असते. म्हणून खडतर वाटेवर जाणाऱ्याने चार नव्हे, पाच चाकांचा हिशेब करावा आणि पाचवे चाक पूर्ण मापाचे घ्यावे. डिकीतील जागा त्यात जाते हे खरे, पण सामान कमी करता येते, टायर निर्माण करता येत नाही.

तिसऱ्या मताचे आकर्षण दृश्य आहे. जाड गुटके आणि रुंद छाती पाहून गाडी बलदंड वाटते खरी. तथापि चिखलासाठीचे मड-टेरेन टायर डांबरावर घोंघावतात, जड असल्यामुळे सस्पेन्शनवर भार टाकतात आणि त्यांचे डांबराला टेकणारे रबर कमी असल्यामुळे पावसाळी रस्त्यावर गाडी थांबायला अधिक अंतर घेते. क्रॉसओव्हरचा बहुतांश प्रवास डांबरावरच होत असताना, जुलैतल्या घाटातील ब्रेक कमकुवत करून ऑगस्टमधला एखादा चिखल जिंकण्यात शहाणपणा नाही. मराठवाड्यातील काळी माती तर ऑल-टेरेन टायरच्या खाचाही काही फेऱ्यांत भरून टाकते आणि मग नक्षी असून नसल्यासारखी होते. तेथे वाट टाळणे किंवा वाफसा येईपर्यंत थांबणे हेच खरे कौशल्य. रुंदीचेही तसेच आहे. पातळ चिखलाखाली टणक थर असेल, तर अरुंद टायर तो चिखल कापून थरापर्यंत पोचतो आणि रुंद टायर वरच तरंगत राहतो.

मोठा टायर चढवण्याच्या, म्हणजेच अपसाइझ करण्याच्या, हट्टाची झडती आकड्यांनीच घेता येते. क्यू५च्या १८ इंची रिमवर २३५/६० ऐवजी २३५/६५ मापाचा टायर घातला, तर व्यास सुमारे ७६३ मिलिमीटर होतो. मूळ ७४१ शी तुलना करता ही वाढ २२ मिलिमीटरची दिसते, पण गाडीचा तळ जमिनीपासून उचलला जातो तो तिच्या निम्म्याने, म्हणजे ११ मिलिमीटरच. या सेंटिमीटरभर लाभासाठी वेगदर्शक काटा मूळ टायरच्या मानाने सुमारे तीन टक्के कमी वेग दाखवू लागतो आणि स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर आतील अस्तराला किंवा स्प्रिंगच्या बैठकीला घासण्याची भीती निर्माण होते. मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम ५२ निर्मात्याच्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरणाऱ्या फेरफारांना मनाई करते, हेही येथे विसरून चालत नाही. निर्मात्याने त्याच गाडीसाठी मान्य केलेल्या मापांतच निवड केली, तर यांपैकी एकही अडचण सहसा उद्भवत नाही.

खंडनानंतर मंडनाचा क्रम असा मांडता येईल. प्रथम त्या गाडीच्या पुढील ब्रेकवरून बसू शकेल अशी सर्वांत लहान रिम शोधावी. क्यू५च्या बाबतीत १८ इंच हा सुरक्षित मध्य आहे, तरीही पैसे देण्यापूर्वी एक चाक प्रत्यक्ष बसवून, हाताने फिरवून पाहावे. रिमची चार मापे जुळलीच पाहिजेत : बोल्टांच्या वर्तुळाचा व्यास, ज्याला बाजारात पीसीडी म्हणतात, मधल्या भोकाचा व्यास, ज्यात हब घट्ट बसला पाहिजे, रिमची रुंदी, आणि ऑफसेट, म्हणजे चाक जिथे हबला टेकते तो पृष्ठभाग रिमच्या मध्यरेषेपासून किती मिलिमीटर दूर आहे ते अंतर. ऑफसेट बदलून किंवा स्पेसर घालून चाके बाहेर काढली की गाडी रुंद दिसते, पण बेअरिंगवरील ताण वाढतो आणि स्टिअरिंगची मूळ भूमिती बिघडते. धातूच्या बाबतीत ओतीव अलॉय जोरदार आघाताने तडकू शकते, फोर्ज्ड अलॉय बहुधा वाकते. वाकलेल्या रिमवर सावकाश का होईना गावापर्यंत येता येते, म्हणून ऐपत असल्यास फोर्ज्ड चाके श्रेयस्कर.

त्यानंतर टायरची जात ठरवावी. क्रॉसओव्हरसाठी योग्य ती हलक्या बांधणीची ऑल-टेरेन जात, जिच्यात खाचा खोल, खांदे मजबूत, पण रबर डांबरालाही मानवणारे असते. योकोहामाचा जिओलँडर ए/टी किंवा फाल्कनचा वाइल्डपीक ए/टी ट्रेल ही तिची उदाहरणे. ट्रक-जीपसाठीचे अधिक थरांचे जड टायर तेवढाच भार पेलण्यासाठी जास्त हवा मागतात, आणि त्यामुळे क्रॉसओव्हरला त्यांचा जाच अधिक व लाभ थोडा होतो. मापाशेजारी छापलेला भारांक आणि वेगाक्षर वाचावे : १०३ म्हणजे प्रत्येक टायरला ८७५ किलो, ‘एच’ म्हणजे ताशी २१० किलोमीटर, ‘व्ही’ म्हणजे २४०. निर्मात्याने सांगितलेल्या किमान मर्यादेखाली यांपैकी एकही जाऊ नये.

या साऱ्या खटाटोपाचे फळ मिळते ते हवेच्या दाबातून. माणसे आणि सामानासह २,३०० किलो भरणाऱ्या गाडीचा भार समान वाटला, तर प्रत्येक चाकावर ५७५ किलो येतात. ३३ पौंड हवेला टायर ढोबळमानाने २५० चौरस सेंटिमीटर जमिनीवर टेकतो आणि २० पौंडांना सुमारे ४०० चौरस सेंटिमीटर. जैसलमेरच्या वाळूत रुतणे आणि न रुतणे यांतील अंतर बहुधा एवढेच असते. हवा कमी करण्याची ही मुभा उंच भिंतीचा टायर देतो. बुटक्या टायरात तीच हवा काढली की रिम दगडावर आपटते. मुरूम-खडीच्या वाटेवर २६ ते २८ आणि मऊ वाळूत १८ ते २० पौंड हवा ठेवावी, १५ च्या खाली जाऊ नये, कारण तेथे वळणावर टायर रिमवरून निसटू शकतो. कमी हवेचा टायर वेगात तापतो. म्हणून वाळूत वेग आवरावा आणि डांबर लागताच छोट्या कंप्रेसरने पुन्हा पुरती हवा मारावी.

लहान रिमने वळणांतली धार थोडी बोथट होते आणि गाडीचे रूप साधे दिसते, असा अखेरचा आक्षेप उरतो. तो खरा आहे आणि त्याची किंमत मोजावीच लागते. मात्र महामार्गासाठी १९ इंची मूळ संच जपून ठेवून प्रवासापुरता दुसरा संच चढवण्याचा मार्ग या वर्गातील ग्राहकाला अशक्य नाही. तसेच उंच साइडवॉलमुळे क्रॉसओव्हरची जीप होत नाही, तिच्या तळाची उंची आणि सस्पेन्शनची हालचाल यांच्या मर्यादा कायम राहतात, हेही स्पष्ट म्हटले पाहिजे. परंतु त्या मर्यादांच्या आत गाडी निर्धास्त चालावी हाच तयारीचा हेतू असेल, तर खर्चाचा क्रम लहान रिम, उंच टायर, पूर्ण मापाची स्टेपनी, दाबमापक व कंप्रेसर असा राहावा. रुंद गुटके, स्पेसर आणि झळाळती चाके यांवर त्यानंतर पैसे उरले, तरी ते न खर्चलेलेच बरे.