सुवासिक तांदुळाची पारख

आंबेमोहराचा भात शिजूं लागला कीं त्याची वर्दी माजघरापर्यंत आपोआप पोहोंचते. मावळचा आंबेमोहर, आजऱ्याचा घनसाळ आणि उत्तरेकडील बासमती यांचा लौकिक या वासावरच उभा आहे. परंतु संकर करून नवें वाण निर्माण करूं पाहणाऱ्या संशोधकास एवढ्यानें भागत नाहीं. हजारों रोपांतून सुवासाचें रोप नेमकें कोणतें, हें त्यास पीक हातीं येण्यापूर्वींच ओळखावें लागतें. ही ओळख कशी पटते, याचा विचार आज आम्ही वाचकांपुढें मांडणार आहों.

सुवासिक भातांतील मुख्य वासद्रव्य '२-ॲसिटिल-१-पायरोलीन' हें होय, असें १९८२ सालीं अमेरिकेंतील बटरी प्रभृति रसायनज्ञांनीं दाखविलें. केवड्याच्या कुळांतील ज्या पानास कित्येक घरीं बासमतीचें पान म्हणतात, त्यांतही हेंच द्रव्य असतें. म्हणून तें घालून शिजविलेला साधा भातही जेवणारास फसवितो. पुढें २००५ सालीं ऑस्ट्रेलियांतील ब्रॅडबरी व त्यांचे सहकारी यांनीं या सुवासाचें मूळ जनुकांत शोधिलें. साध्या भातांत एक विकर आपलें काम चोख करितें. बासमतीसारख्या भातांत त्याच्या जनुकांतील आठ अक्षरें गळालेलीं असल्यामुळें तें निकामी होतें, आणि एरवीं दुसरीकडे खर्च व्हावयाचें द्रव्य सुवासांत उतरतें. अधिकानें नव्हे, उणेपणानें आलेला असा हा गुण आहे!

यामुळेंच पारख कठीण होते. हें उणेपण आईबाप या दोघांकडून आल्यावांचून वास प्रकट होत नाहीं. आंबेमोहर व बिनवासाचें भात यांच्या संकरांतील पहिल्या पिढीच्या पानांस वास नसतो; दुसऱ्या पिढींत सरासरीनें चार रोपांत एकास तो येतो. पहिली पिढी घाईनें टाकून देणारा घरचा ठेवाच टाकून देईल. जुनी रीत दाणा चावून पाहण्याची. १९७८ सालीं सूद व सिद्दीक या भारतीय शास्त्रज्ञांनीं पानाचे तुकडे दाहक पोटॅशच्या १.७ टक्के द्रावांत दहा मिनिटें ठेवून हुंगण्याची सोपी रीत दिली. तथापि बरेच नमुने हुंगल्यावर नाक थकतें, व वास पोटांत लपवून बसलेलें रोप त्यास मुळींच कळत नाहीं. जनुकाची परीक्षा मात्र पानाच्या इवल्याशा तुकड्यावरून तेंही सांगते. परंतु सर्वच सुवासिक वाणांत जनुकाची मोड एकाच जागीं नसते, आणि दाणा भरतांना हवा थंड असली तर वास अधिक उतरतो. यास्तव अखेरची साक्ष शिजलेल्या भाताचीच.

हा खटाटोप कशासाठीं? आंबेमोहर उंच वाढतो, पावसावाऱ्यांत लोळतो, उताराही कमी देतो. म्हणून शेतकरी त्यास सोडतो. त्याच आंबेमोहर-१५७ चा संकर फिलिपाईन्समध्यें १९६६ सालीं निघालेल्या आय्. आर्. ८ या बुटक्या भाताशीं करून वडगांव मावळच्या संशोधन केंद्रानें इंद्रायणी हें वाण सिद्ध केलें. तें १९८७ सालीं प्रसारित झालें. मूळ बीच हरवलें असतें तर संकर कशाचा केला असता?

ज्या कुटुंबांची गांवीं शेती आहे, त्यांस आमची विनंती आहे. कोठीच्या कोपऱ्यांत एखाद्या जुन्या वासाच्या भाताचें बी असेल तर तें सगळें कांडून संपवूं नये. गांव, पेरणीचा काळ व घरांत चालत आलेलें नांव लिहून मूठभर बी जवळच्या कृषि विद्यापीठाकडे पोहोंचवावें, आणि आपल्या वाफ्यांतही दरवर्षीं पेरीत असावें. कारण घरांत ठेवलेलें भाताचें बी फार वर्षें उगवत नाहीं.