क्लास हवाच!

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मधले क्लास, म्हणजे पात्रांचे ठरीव पेशे, मोडीत काढा, अशी मागणी आता माझ्या टेबलावरची पोरंही करू लागली आहेत. पोरं हुशार आहेत, वाचलेली आहेत. त्यांचं म्हणणं आधी पुरतं मांडतो, मग खोडतो.

कागद, पेन्सिल आणि वीस बाजूंचा फासा घेऊन आपण गोष्ट खेळायला बसतो ती कल्पनेला मोकळं रान मिळावं म्हणून. मग पहिल्याच पानावर तू फायटर, तू विझर्ड, तू क्लेरिक असे शिक्के कशाला? विझर्डने तलवार का उचलू नये? टोल्कीनचा गँडाल्फ तर ती सर्रास चालवतो. 1978 साली ‘रूनक्वेस्ट’ या खेळाने क्लास वगळले. 1986 साली ‘गर्प्स’ने गुण खर्चून हवं ते कौशल्य घ्यायची मुभा दिली. मग ‘डंजन्स’च्या पहिल्या पेटीतलं 1974 सालचं ओझं आपण का वाहायचं? आणि शेवटचा घाव असा की माणसाला धंद्यावरून ओळखायचं म्हणजे बलुतेदारीच झाली, आणि ती शाहू महाराजांच्या कोल्हापुरात!

या शेवटच्या आरोपाला आधी हात घालतो, कारण तो खरा असता तर मी हा खेळ त्याच दिवशी बंद केला असता. शाहू महाराजांनी 1918 साली आपल्या संस्थानात बलुतेदारी मोडली, महार वतनं रद्द केली. त्या व्यवस्थेत काम जन्माबरोबर गळ्यात पडायचं आणि मेल्याशिवाय सुटायचं नाही. अन्याय तिथे होता. टेबलावरचा क्लास आपण स्वतः निवडतो आणि पुढच्या मोहिमेला टाकूनही देतो. जन्माची अट या खेळात होती, नाही असं नाही, पण ती दुसरीकडे होती. 1978 सालच्या ‘ॲडव्हान्स्ड डंजन्स अँड ड्रॅगन्स’मध्ये ड्वार्फ जमातीत जन्मलेल्या पात्राला जादूगार होताच येत नसे. एल्फला फायटर होता येई, पण ठरावीक लेव्हलला त्याची वाट बंद. 1981 सालच्या बेसिक संचात तर एल्फ आणि ड्वार्फ हेच क्लास होते, म्हणजे जन्म हाच धंदा! बलुतेदारी शोधायची तर ती इथे सापडते. 2000 साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीने ती मोडली: कोणत्याही जमातीच्या पात्राला कोणताही क्लास, आणि वर चढायला आडकाठी नाही. जन्माची अट गेली, क्लास राहिला, आणि ते योग्यच झालं. महाराजांनीही वकिलीचा धंदा बंद केला नव्हता. जन्मामुळे ज्यांना ती करता येत नव्हती, त्यांच्या हाती त्यांनी सनदा दिल्या.

आता स्वातंत्र्याचा मुद्दा. त्यासाठी कोल्हापूरच्याच शाहू स्टेडियमवर चला. पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळ या फुटबॉल संघांची मॅच आहे, गॅलरी भरली आहे. मैदानावरच्या एका संघातल्या दहा जणांना नियम एकच. बॅक पुढे धावून गोल मारू शकतो, फॉरवर्ड मागे येऊन अडवू शकतो. अकराव्याला मात्र एक जादा हक्क आहे. आपल्या पेनल्टी एरियात तो चेंडूला हात लावू शकतो, म्हणून त्याची जर्सीही वेगळी. गोलकीपर हा फुटबॉलमधला एकमेव खरा क्लास. उद्या अकराही जणांना हात लावायची मोकळीक दिली तर स्वातंत्र्य वाढेल, पण ज्यासाठी आपण पेठापेठांतून तिथे जातो तो खेळ उरणार नाही.

योगायोग असा की 1974 साली, म्हणजे अमेरिकेतल्या लेक जिनीव्हा या गावातून ‘डंजन्स’ची पहिली पेटी बाहेर पडली त्याच वर्षी, नेदरलँड्सचा संघ ‘टोटल फुटबॉल’ खेळत विश्वचषकाच्या अंतिम सामन्यापर्यंत गेला. त्यात कुणीही कुणाच्याही जागी खेळे. त्यांचा गोलकीपर योंगब्लुट तर 8 नंबरची जर्सी घालून पार पुढे येऊन पायाने खेळायचा. जगातल्या सगळ्यात मोकळ्या संघातसुद्धा हात वापरायचा हक्क त्याच्या एकट्याकडेच राहिला.

क्लास नसलेला खेळ आम्ही राजारामपुरीत खेळून पाहिला आहे. पाच जणांनी गुण वाटून पात्रं केली. पाचही कागदांवर थोडी तलवार, थोडं लपणंछपणं, थोडी मलमपट्टी. कुलूपबंद दार आलं की पाचही जण पुढे सरसावायचे आणि ज्याचा आकडा मोठा तो फासा टाकायचा. बाकीचे मोबाईलमध्ये. पुढे त्याच मंडळींबरोबर क्लासचा खेळ मांडला. चोराचा क्लास घेतलेल्या रोगने कुलूप काढलं, दार उघडलं आणि आतली मढी उठून चालू लागली. फायटरचे वार पुरेनात. तेव्हा चौघांच्याही माना कोपऱ्यातल्या मुलीकडे वळल्या. कॉलेजात शिकणारी, संध्याकाळभर जेमतेम तोंड उघडलेली. ती क्लेरिक होती; देवतेच्या नावाने मढ्यांना परतवायचा हक्क त्या टेबलावर तिचाच. ‘आता तूच,’ एक जण म्हणाला. ती खुर्चीवरून उठली, हात पुढे धरला, देवतेचं नाव जागच्या जागी रचून खणखणीत आवाजात घेतलं आणि फासा टाकला. तिला बोलायला जागा मिळाली ती नियमाने, कुणाच्या मेहरबानीने नाही. चांगला गेम मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा, अशी संधी क्लासशिवायही देतो, हे मला माहीत आहे. पण सगळे गेम मास्टर चांगले नसतात, म्हणून नियम लागतात.

गँडाल्फचं उत्तर टोल्कीननेच देऊन ठेवलं आहे. नऊ जणांच्या टोळीत त्याने गँडाल्फ एकच ठेवला आणि मोरियाच्या खाणीत त्यालाही बाजूला केलं, तेव्हा कुठे बाकीच्यांना वाव मिळाला. टेबलावर पाच गँडाल्फ बसले तर कुणाला कुणाची गरजच उरत नाही.

क्लास कुणी वरून लादले हेही खरं नाही. ‘डंजन्स’चा सहनिर्माता डेव्ह आर्नेसन याच्या ‘ब्लॅकमूर’ मोहिमेत एका खेळाडूचं व्हॅम्पायर पात्र आवरेनासं झालं, तेव्हा त्याला वेसण घालायला व्हॅम्पायर मारणारा धर्मगुरू आला. त्यातून क्लेरिक जन्मला. टेबलाची गरज पडली तसा क्लास घडला. आणि क्लास नाकारणाऱ्यांचं पुढे काय झालं? ‘रूनक्वेस्ट’मध्ये तुम्ही कोणत्या देवाच्या पंथात जाता त्यावर तुमची जादू ठरते. ‘गर्प्स’ने 2007 साली ‘डंजन फँटसी’ मालिका काढली, तेव्हा बार्बेरियन, क्लेरिक, थीफ, विझर्ड असे तयार साचे खेळाडूंपुढे ठेवले. 2010 सालच्या ‘अपोकॅलिप्स वर्ल्ड’मध्ये एक प्लेबुक, म्हणजे पात्राचा तयार साचा, टेबलावर एकालाच मिळतं. क्लासची इतकी कडक अंमलबजावणी मूळ खेळानेही केली नव्हती.

एक आक्षेप मात्र मला पुरता मान्य आहे. 1975 सालच्या ‘ग्रेहॉक’ पुरवणीत थीफ आला, त्याच्या नावापुढे भिंत चढण्याचे, लपण्याचे टक्के छापले गेले आणि अनेक टेबलांवर उलटा अर्थ लागला: तू थीफ नाहीस, तर तू भिंत चढायची नाही. काल जे कुणीही करून पाहत होतं, ते आज एकाची मक्तेदारी झालं. हे चूक आहे. क्लासने एकाला जादा द्यावं, बाकीच्यांच्या ताटातलं काढून घेऊ नये. गोललाइनवर बॅकही चेंडू डोक्याने अडवतोच, फक्त हात लावू शकत नाही.

तेव्हा गावातल्या गेम मास्टरांना माझं आग्रहाचं सांगणं आहे. नवी मंडळी बसवाल तेव्हा क्लास असलेलाच खेळ काढा. प्रत्येकाला निवडू द्या, पहिल्या दोन-तीन बैठकांत पटला नाही तर विनातक्रार बदलू द्या. भिंत चढायची तर कुणालाही चढू द्या. पण मढी उठली की क्लेरिकची पाळी दुसऱ्या कुणाला देऊ नका.