नागपूर ते परळ : चार तासांचे अंतर

नागपूर आणि मुंबई यांमधील हवाई अंतर सुमारे ६८० किलोमीटर आहे. लोहमार्गाने तेच ८३७ होते आणि दुरांतोची अख्खी रात्र त्यात सरते. विमान दीड तासात पोहोचते. प्रवाशाला एवढा हिशेब पुरतो. दात्याच्या शरीरातून काढलेल्या हृदयाला मात्र तो पुरत नाही, कारण त्याच्याजवळ साधारण चारच तास असतात.

त्यातला जवळजवळ एक तास नव्या छातीत ते जोडण्यातच जातो. उरले तीन, त्यांतला दीड आकाशातला. राहिलेल्या दीड तासात नागपूरच्या रुग्णालयापासून सोनेगाव विमानतळ, विमानात चढणे-उतरणे आणि सांताक्रूझहून परळपर्यंतचा रस्ता, एवढे सारे बसवायचे. हा शेवटचा टप्पा जेमतेम पंधरा-सोळा किलोमीटरांचा. परंतु सायंकाळी दादरच्या अलीकडे अडकलेल्या मुंबईकराला त्याची लांबी कोणी सांगायला नको! म्हणूनच वाहतूक पोलीस चौक मोकळे ठेवून ‘ग्रीन कॉरिडॉर’ करतात. मूत्रपिंडाची एवढी घाई नसते. ते बर्फाच्या पेटीत चोवीस तासही टिकते. यकृताला आठ ते बारा तास मिळतात. यामुळेच अवयव प्रथम त्याच विभागात दिला जातो आणि तेथे योग्य रुग्ण नसेल तरच दूरच्या शहराचा विचार होतो. राज्याच्या या समन्वयाचे कार्यालय परळच्या के. ई. एम. रुग्णालयातच आहे.

याच रुग्णालयात फेब्रुवारी १९६८ मध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी भारतातील पहिले हृदय-प्रत्यारोपण केले. केपटाऊनच्या पहिल्या शस्त्रक्रियेला तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते. रुग्ण काही तासांतच दगावला. मस्तिष्कस्तंभ-मृत्यूला कायद्याची मान्यता मिळण्यास १९९४ साल उजाडावे लागले, आणि के. ई. एम.मध्ये पुन्हा हृदय बसवले गेले ते २०२४ मध्ये.

या साऱ्या धावपळीविषयी कुटुंबांत एक गैरसमज आढळतो. चार तास ऐकले की नातेवाईकांना वाटते, निर्णयही तेवढ्यातच द्यायचा. तसे नाही. ते चार तास हृदयाचा रक्तपुरवठा थांबवल्यावर सुरू होतात. त्यापूर्वी डॉक्टरांचे मंडळ किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी करते, आणि त्या अवधीत कृत्रिम श्वासावर हृदय चालूच असते. घरच्यांचे रडणे, बोलणे, एकमेकांना विचारणे हे या अवधीतले असते. पुण्याहून निघालेला मुलगा त्यात पोहोचू शकतो, आणि आईला नकार द्यावासा वाटला तर तोही देता येतो. संमतीवर सही झाल्यानंतरच नागपूरच्या विमानाची वेळ पाहिली जाते.