खेळाच्या ऐन रंगात संगणक पुन्हा सुरू होतो तेव्हा

घरातील संगणकावर दिवसभर पत्रे लिहिली जातात, प्राप्तिकराचे विवरणपत्र भरले जाते, मुलांचा अभ्यासही होतो आणि यंत्र काही तक्रार करीत नाही. संध्याकाळी एखादा मोठा खेळ सुरू झाला, की पंधरा-वीस मिनिटांत पडदा काळा होतो आणि संगणक आपोआप पुन्हा सुरू होतो. असे दोन-तीन वेळा घडले, की घरात निष्कर्ष निघतात : ‘खेळातून व्हायरस शिरला’ किंवा ‘यंत्र जुने झाले, नवे घ्यावे’. दुकानदार तिसरा मार्ग सुचवितो : सारे पुसून विंडोज नव्याने घालावे. या मार्गांत पैसा जातो, कधी वर्षानुवर्षांची छायाचित्रे व कागदपत्रेही जातात आणि मूळ दोष बहुधा तसाच राहतो.

खेळ हा घरगुती संगणकावरील सर्वांत मोठा भार होय. पत्रलेखनाच्या वेळी साधा संगणक शंभर वॅटपेक्षाही कमी वीज घेतो. ग्राफिक्स कार्ड असलेला तोच संगणक खेळाच्या वेळी तीनशे-चारशे वॅटपर्यंत जाऊ शकतो. वीज आणि उष्णता या दोन्ही बाबतींत जी दुर्बलता एरवी झाकलेली असते, ती या भाराखाली उघडी पडते. म्हणून शोधाची दिशा प्रथम वीजपुरवठा, मग उष्णता, मग स्मृती म्हणजे रॅम आणि शेवटी प्रणाली अशी असावी.

तेरीज जुळली नाही, तर कोणताही जाणता हिशेबनीस सगळ्या वह्या फाडून नव्याने लिहीत नाही. तो एकेक खाते तपासतो आणि तपासलेल्या खात्यावर खूण करतो. येथेही तीच शिस्त हवी. एका वेळी एकच बदल करावा आणि तारीख, खेळाचे नाव, किती मिनिटांनी बंद पडला, त्या वेळी काय बदलले होते, एवढे वहीत लिहावे. दोन बदल एकदम केले, तर दोष गेला तरी तो कशाने गेला हे कळत नाही. मात्र तपासणीपूर्वी महत्त्वाच्या फाइलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी. अवचित बंद पडण्याने चालू असलेले लेखन अर्धवट राहते आणि फाइली खराब होऊ शकतात.

प्रथम लक्षण नीट पाहावे. केवळ खेळ बंद पडला आणि विंडोज चालू राहिले, तर दोष बहुधा खेळाचा किंवा ग्राफिक्स कार्डाच्या ड्रायव्हरचा असतो. मजकूर असलेला निळा पडदा (विंडोज ११ च्या ताज्या आवृत्तीत काळा) क्षणभर दिसून संगणक पुन्हा सुरू झाला, तर विंडोजने स्वतः चूक ओळखलेली असते. तो मजकूर वाचता यावा यासाठी ‘सिस्टम प्रॉपर्टीज’मधील ‘ॲडव्हान्स्ड’ या भागात ‘स्टार्टअप अँड रिकव्हरी’ उघडून ‘ऑटोमॅटिकली रिस्टार्ट’ समोरची खूण काढावी. काहीच न दिसता दिवा मालवावा तसा पडदा गेला, तर संशय विजेवर. पंख्यांचा आवाज वाढत जाऊन संगणक बंद पडला आणि थंड होईपर्यंत नीट चालेना, तर संशय उष्णतेवर.

विंडोजच्या ‘इव्हेंट व्ह्यूअर’मध्ये अशा वेळी ‘कर्नल-पॉवर ४१’ ही नोंद सापडते. ती पाहून अनेकांना वाटते, की दोष मिळाला. प्रत्यक्षात ती नोंद एवढेच सांगते, की संगणक रीतसर बंद झाला नव्हता. कारण तिच्यात नसते.

आता वीजपुरवठा. यात सर्वांत उपेक्षित वस्तू म्हणजे यूपीएस. घरोघरी आढळणाऱ्या ६०० व्हीए क्षमतेच्या यूपीएसची प्रत्यक्ष क्षमता पुष्कळदा ३६० वॅटच्या आसपास असते; नेमका आकडा त्यावर छापलेला असतो. प्रोसेसरचे सव्वाशे, ग्राफिक्स कार्डाचे दोनशे, पडदा व इतर भागांचे साठ-सत्तर वॅट अशी बेरीज केली, की ती क्षमता ओलांडली जाते. बॅटरी दोन-तीन वर्षांची झालेली असेल, तर विजेचा जरासा चढउतारही पुरतो. म्हणून पहिली चाचणी बिनखर्चाची आहे : संगणक चांगल्या अर्थिंगच्या भिंतीवरील सॉकेटला थेट जोडून तोच खेळ खेळून पाहावा. दोष नाहीसा झाला, तर खर्च फार तर बॅटरीचा किंवा मोठ्या यूपीएसचा.

त्यानंतर एसएमपीएस. हा भाग २३० व्होल्टची वीज घेऊन मुख्यतः १२ व्होल्टचा पुरवठा करतो आणि प्रोसेसर व ग्राफिक्स कार्ड त्यावरच चालतात. खोक्यावरील मोठ्या आकड्यापेक्षा बाजूच्या तक्त्यातील १२ व्होल्टचे अँपिअर पाहावेत. समजा, डब्यावर ४५० वॅट लिहिले आहे आणि तक्त्यात १२ व्होल्टसमोर २० अँपिअर आहेत. तर कामाची शक्ती १२ गुणिले २०, म्हणजे २४० वॅटच. ग्राफिक्स कार्ड क्षणार्धासाठी सरासरीपेक्षा बरीच अधिक वीज ओढते आणि त्या क्षणी अपुरा एसएमपीएस स्वतःला बंद करून घेतो. कार्डाला दोन जोडण्या असतील, तर शक्यतो दोन स्वतंत्र केबल लावाव्यात. जोडणी पूर्ण आत बसली आहे, याची खात्री करावी. २०२२ साली एनव्हिडियाच्या आरटीएक्स ४०९० कार्डांच्या काही जोडण्या वितळल्या, तेव्हा त्या पूर्ण बसल्या नव्हत्या हे एक प्रमुख कारण कंपनीने सांगितले होते.

कॅबिनेट उघडण्यापूर्वी प्लग काढावा आणि सुरू करण्याचे बटण काही क्षण दाबून धरावे. एसएमपीएसचा डबा मात्र घरी कधीही उघडू नये. प्लग काढल्यानंतरही त्यातील कपॅसिटरमध्ये जीवघेणा भार राहू शकतो.

उष्णतेची तपासणी सोपी आहे. ‘एचडब्ल्यूइन्फो’सारखी मोफत प्रणाली खेळ चालू असताना तापमान नोंदवीत राहते. अनेक प्रोसेसरांची मर्यादा ९० ते १०० अंश सेल्सिअस असते. तिच्या जवळ जाताच प्रोसेसर प्रथम वेग कमी करतो आणि तरीही ताप वाढला तर यंत्र बंद होते. खोली जितकी तापते, जवळजवळ तितकेच आतले तापमान वाढते. म्हणून जानेवारीत निर्वेध चाललेला संगणक विदर्भातील मे महिन्यात हार मानतो. धूळ काढताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत, कॅबिनेट भिंतीला टेकवू नये आणि चार-पाच वर्षे झाली असल्यास प्रोसेसरवरील वाळलेली थर्मल पेस्ट बदलून घ्यावी.

आणखी एक युक्ती उपयोगी पडते. खेळाच्या सेटिंगमध्ये चित्रांची गती सेकंदाला ६० एवढी मर्यादित करावी. तेवढ्याने दोष थांबला, तर वीज किंवा उष्णता यांवरील संशय दृढ होतो.

रॅमसाठी बायॉसमधील ‘एक्सएमपी’ ही वाढीव गती बंद करून पाहावी, एकेक पट्टी आळीपाळीने लावावी आणि ‘मेमटेस्ट८६’ रात्रभर चालवावी. काही वेळा दोष निर्मात्याकडेच असतो. तेराव्या व चौदाव्या पिढीतील काही डेस्कटॉप प्रोसेसर अतिरिक्त व्होल्टेजमुळे अस्थिर होत असल्याचे इंटेलने २०२४ साली मान्य केले, बायॉसमार्फत सुधारणा दिली आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढविली. आधीच झालेली हानी मात्र त्या सुधारणेने भरून येत नाही. तेथे प्रोसेसर बदलून मागणे हाच मार्ग. म्हणून बिल जपावे.

एवढे करूनही दुकानात जावे लागले, तर वही सोबत न्यावी. नवा भाग विकत घेण्याआधी खात्रीचा एसएमपीएस तात्पुरता लावून दाखविण्यास सांगावे. बदललेला जुना भाग परत मागावा आणि विंडोज पुसण्याची संमती सर्वांत शेवटी द्यावी.

राहता राहिला घरातील वाद. मुलाने किती वेळ खेळावे, हा प्रश्न महत्त्वाचा आहे आणि पालकांनी तो अवश्य विचारावा. परंतु एसएमपीएसचा दोष मुलाच्या नावे टाकून तो प्रश्न सुटत नाही. उलट खोटा आरोप झाला, की पुढचे खरे बोलणेही मूल ऐकत नाही. ही दोन खाती वेगळी ठेवावीत. वही मुलाच्याच हाती द्यावी, चाचण्या त्यालाच करू द्याव्यात आणि कॅबिनेट उघडताना मोठ्यांपैकी कुणीतरी शेजारी बसावे.