सहलीच्या परवानगीला समुद्राचे एक पान जोडा




थंडी पडली की यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसद, वणी, उमरखेड, दारव्ह्याच्या शाळांच्या एसटी गाड्या कोकणाच्या वाटेला लागतात. रायगड, मुरुड, गणपतीपुळे, जमलेच तर मालवण. सात-आठशे किलोमीटर अंग आंबवून पोरे उतरतात, आयुष्यात पहिल्यांदा समुद्र बघतात आणि कपड्यांसकट पाण्यात धावतात. धावणारच. पण त्या पाण्यात काय असते, याबद्दल आपल्या जिल्ह्यातून निघताना त्यांना कोणी चकार शब्द सांगितलेला नसतो, आणि किनाऱ्यावर पोचल्यावर ऐकायला कोणी थांबत नाही.

१ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरुडला पुण्याच्या एका महाविद्यालयाचे १४ विद्यार्थी बुडाले. पुढच्याच वर्षी एप्रिलमध्ये मालवणजवळ वायरीच्या किनाऱ्यावर बेळगावहून आलेले आठ जण गेले. अशा प्रत्येक घटनेनंतर ‘सहलींतून समुद्र वगळा’ अशी मागणी होते. मला ती साफ अमान्य आहे. शाळेने नेले नाही म्हणून पोरगा समुद्राला मुकत नाही. चार वर्षांनी मित्रांच्या मोटारीतून जातो आणि तेव्हा शिट्टी वाजवणारे गुरुजी सोबत नसतात. आपली बरीच पोरे विहिरीत पोहायला शिकलेली. विहिरीत पाणी ओढत नाही. समुद्रात परतणाऱ्या पाण्याची ओढ लागली तर तिच्याशी झुंजायचे नसते, किनाऱ्याला समांतर पोहत त्या पट्ट्यातून बाहेर पडायचे असते. विहिरीतल्या सरावातून हे कळत नाही, ते वेगळे शिकवावे लागते.

बुडण्याची निदान बातमी तरी होते. समुद्री जीवांच्या डंखांची क्वचितच होते. ऑगस्ट २०१८ मध्ये जुहू आणि आसपासच्या किनाऱ्यांवर ‘ब्लू बॉटल’ मोठ्या संख्येने वाहून आल्या आणि सुमारे दीडशे लोकांना डंख झाल्याच्या बातम्या आल्या. नोव्हेंबर २०२० मध्ये, म्हणजे ऐन दिवाळीच्या हंगामात, गोव्यात बागा-कळंगुटपासून दक्षिणेपर्यंत दोन दिवसांत नव्वदहून अधिक जणांवर जेलीफिशच्या डंखासाठी प्रथमोपचार करावे लागले. त्याआधी २०१३ च्या गणेश विसर्जनात गिरगाव चौपाटीवर पाकट माशांनी आणि जेलीफिशनी कितीतरी भाविकांना जखमी केले. तेव्हापासून मुंबईत विसर्जनाआधी लोकांना सावध केले जाते. मुंबईकर रोज समुद्र बघतो, तरी त्याला सूचना लागते. घाटंजीच्या पोराला मात्र ती नको, असे आपण गृहीत धरतो.

ही ब्लू बॉटल दिसते मोठी गोड. निळसर, पारदर्शक, हवेने फुगलेली, वाळूत पडलेली. लहान मूल ती उचलणारच. विंचू निदान चिडला तर नांगी मारतो. हिला चिडण्याचीही गरज नाही, कारण तिच्या लांब दोऱ्यांवर सूक्ष्म पेशी असतात आणि नुसता स्पर्श झाला की त्यांतून विषारी काटे सुटतात. किनाऱ्यावर मरून पडलेलीचेही सुटतात. शास्त्रज्ञ तर तिला जेलीफिशही म्हणत नाहीत, अनेक जीवांची ती एक वसाहत आहे. पण सहलीच्या पोरांना एवढ्या खोलात नेले नाही तरी चालेल. निळे काही दिसले तर हात लावू नका, एवढे पुरे.

डंख झाल्यावर लोक जे करतात ते पाहून अंगावर काटा येतो. कोणी वाळू घासतो, कोणी लिंबू चोळतो, कोणी बाटलीतले प्यायचे पाणी ओततो, आणि एखादा शहाणा लघवीचाही सल्ला देतो. चोळल्याने आणि गोड्या पाण्याने न फुटलेल्या पेशीही फुटू शकतात. समुद्राच्याच पाण्याने धुवावे, चिकटलेले दोरे चिमट्याने काढावेत आणि नंतर तो भाग सोसवेल इतक्या गरम पाण्यात वीसेक मिनिटे ठेवावा. ऑस्ट्रेलियात ब्लू बॉटलच्या डंखावर बर्फ आणि सुमारे ४५ अंशांचे पाणी यांची तुलना झाली, तेव्हा पाणी सरस ठरले. पाकटाच्या काट्यालाही गरम पाणीच लागू पडते, मात्र काटा खोल रुतला असेल तर तो उपटू नये, थेट दवाखाना गाठावा. श्वास लागला, छातीत दुखले, भोवळ आली, तर गरम पाण्याची वाट पाहत बसू नये.

ऑस्ट्रेलियाच्या उत्तर किनाऱ्यावर याहून जहाल बॉक्स जेलीफिश असते. तिथे नोव्हेंबर ते मे हा धोक्याचा हंगाम मानतात, पाण्यात जाळी लावतात, किनाऱ्यावर व्हिनेगरच्या बाटल्या ठेवतात. आपल्याकडे गोव्याने २००८ पासून किनाऱ्यांवर पगारी जीवरक्षक नेमले. कोकणातल्या कितीतरी किनाऱ्यांवर मात्र उंटवाला सापडतो, घोडागाडी सापडते आणि जीवरक्षक सापडत नाही.

हे यवतमाळातून का लिहितो? २०१७ मध्ये फवारणीच्या विषबाधेने आपल्या जिल्ह्यात वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर गेले. सूचना डब्यावर छापलेल्या होत्याच, बारीक अक्षरांत. ज्याच्या पाठीवर पंप होता त्याच्यापर्यंत त्या पोचल्या नाहीत. उलट उदाहरणही आहे आणि तेही कोकणातलेच. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे साधे, स्वस्त औषध वापरून दाखवले आणि ती माहिती खेड्यांतल्या डॉक्टरांपर्यंत पोचत गेली, तशी माणसे वाचत गेली.

म्हणून शिक्षणाधिकाऱ्यांकडे माझी एक मागणी आहे. समुद्रकिनारी जाणाऱ्या सहलीच्या परवानगीला मराठीत या सूचनांचे एक पान जोडावे, आणि निघण्याच्या आदल्या दिवशी ते वर्गात वाचून दाखवल्याची शिक्षक व पालकांची सही घ्यावी. प्रथमोपचाराच्या पेटीत चिमटा आणि सोबत गरम पाण्याचा थर्मास असल्याशिवाय गाडी सोडू नये. या सगळ्याला एका विद्यार्थ्याच्या सहलवर्गणीइतकाही खर्च येणार नाही. पावसाळ्यात आणि विसर्जनाच्या दिवसांत पाण्यात उतरू देऊ नये, एरवीही आधी स्थानिक कोळ्यांना विचारावे. आज पाण्यात काय आहे, हे त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नसते. दिवाळीची सुट्टी संपताच परवानगीचे अर्ज पुढे सरकू लागतील, तेव्हा हे पान त्याआधी तयार व्हायला हवे.

— एक पालक, दिग्रस, जि. यवतमाळ