पाचवा बिंदू

पावसाळा ओसरू लागला की बोईसर-सरावली पट्ट्यातल्या इन्स्ट्रुमेंटवाल्यांकडे एक तक्रार हमखास येते : रीडिंग चुकतंय. पुढचा क्रम ठरलेला. ट्रान्समीटर काढून वर्कशॉपमध्ये आणायचा, झीरो-स्पॅन तपासायचा, ठीक निघाला तर इलेक्ट्रॉनिक कार्ड बदलायचं. थोड्याच दिवसांत तक्रार पुन्हा हजर.

कारण बिघाड वर्कशॉपमध्ये येतच नाही. इथल्या तारापूर एमआयडीसीत समुद्राकडचा खारा वारा आणि रसायनांच्या कारखान्यांतली आम्लयुक्त हवा एकत्र येतात. केबलचा ग्लँड सैल राहिला की ती हवा जंक्शन बॉक्समध्ये शिरते, टर्मिनलवर हिरवट थर धरतो आणि सांध्याचा रोध वाढतो.

हा रोध फसवा असतो. टाकीची पातळी दाखवणारा ४ ते २० मिलिअँपिअरचा लूप घ्या. पुरवठा २४ व्होल्ट, पॅनेलमधला रोध २५० ओहम, ट्रान्समीटरला चालायला किमान १२ व्होल्ट हवेत. गंजलेल्या सांध्याने ५०० ओहमची भर घातली, तरी टाकी रिकामी असताना काहीच जाणवत नाही. ४ मिलिअँपिअरला एकूण ३ व्होल्टच खर्च होतात. पण ट्रान्समीटरचे १२ व्होल्ट वगळता उरलेल्या १२ व्होल्टांत ७५० ओहममधून १६ मिलिअँपिअरपेक्षा जास्त प्रवाह जाऊच शकत नाही. म्हणजे टाकी तुडुंब भरली तरी पडद्यावर ७५ टक्केच. ९० टक्क्यांचा अलार्म याच सिग्नलवर असेल तर तो वाजणार नाही.

०, २५, ५० आणि ७५ टक्के हे चारही बिंदू अशा लूपमध्ये बरोबर येतात. बिघाड पकडला जातो तो फक्त पाचव्या, १०० टक्क्यांच्या बिंदूवर. तोसुद्धा लूप जागेवर, त्याच केबलवर, त्याच टर्मिनलांतून तपासला तरच. घाईच्या वेळी नेमकी हीच तपासणी गाळली जाते, कारण 'प्लँट चालू करून दे' हा निरोप टेक्निशियनच्या आधी साइटवर पोचलेला असतो.

हा दोष एकट्या टेक्निशियनचा नाही. लूप तपासायला लागणारा वेळ शटडाउनच्या वेळापत्रकात व्यवस्थापनानेच धरायला हवा. धोकादायक द्रवाच्या टाकीला वरच्या पातळीचा स्विच वेगळा आणि त्याची वायरिंगही वेगळी हवी. कंत्राटी माणसालाही जॉब कार्डवर 'सांधा गंजलेला' असं लिहिता आलं पाहिजे. 'कार्ड बदलले' एवढ्यावर काम मिटता कामा नये.

जागेवर घेतलेले पाचही बिंदूंचे आकडे जॉब कार्डवर नसतील, तर सुपरवायझरने सही करू नये.